शुक्रवारची बादली

बुधवार, ८ जानेवारी २०२५

ही वही पुरावा म्हणून घातली आहे. उद्या काही भानगड झाली तर कोण कधी काय बोललं ते माझ्याकडे तारखेनिशी असावं.

मी शालिग्राम. नंदकुमारशेठच्या डाइंगमध्ये एकतीस वर्षं रंगमास्टर. कापड रंगवायची तीन जिगर मशीनं, एक बॉयलर आणि बत्तीस माणसं, एवढा आमचा पसारा. आमच्यासारखा गडद गुलाबी रानी रंग बऱ्हाणपुरात दुसऱ्या कुणाला जमत नाही. त्याचं माप माझ्या दुसऱ्या वहीत आहे, ती वही रंगखोलीत आहे आणि रंगखोलीची किल्ली माझ्या करगोट्याला आहे. खोलीत मी सोडून कुणी जात नाही. पोती दाराशी ठेवायची आणि मागे फिरायचं.

प्रदूषणवाल्यांची नोटीस आली आहे. चोवीस फेब्रुवारीला ते पाणी तपासणार. आमच्याकडून नाल्यात रंगीत पाणी जाताना दिसलं तर डाइंगला कुलूप आणि बत्तीस जण घरी. शेठने यावर हिमानी नावाची मुलगी शोधून आणली आहे. मुलगी इथलीच, शिकली जळगावला. ती म्हणते, रंग जंतू खातील. मी जन्मात रंगाला कीड लागलेली पाहिली नाही.

आज ती सगळ्या मोऱ्यांचा नकाशा काढत फिरत होती. माझ्या दाराशी आली.

"सर, तुमच्या खोलीची मोरी कुठे जाते? एकदा आत येऊन देखू का?"

"मागच्या भिंतीखालून जुन्या नाल्यात. एकतीस वर्षांपासून."

"दोन मिनिटं, बस. पाणी टाकून कन्फर्म करते."

"मी सांगतोय ना."

तिने नकाशात माझ्या खोलीचा चौकोन मोकळा सोडला आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. मोरी पाहायची होती की वही? सुरतेची माणसं आमच्या रानीवर किती वर्षं टपून आहेत ते मला कुणी सांगायला नको.

शनिवार, ११ जानेवारी

जंतू सोडले. चार निळे ड्रम आले, त्यातले दोन ओतले, दोन राखून ठेवले. वास सांगण्याच्या पलीकडचा.

मी विचारलं, कुठून आणले? म्हणाली, "सर, तुमचेच आहेत. आपल्याच नाल्याच्या गाळातून काढून वाढवलेत. इतने साल तुमचा रंग खाऊन जगलेत, आता त्यांना दुसरं काही चालत नाही." सगळे हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

टाक्या दोन आहेत. सगळ्या मोऱ्यांचं पाणी आधीपासूनच्या एका मोठ्या नळीतून पहिल्या, झाकलेल्या टाकीत येतं. तिथे म्हणे रंग तुटतो. दुसरीत हवेचे बुडबुडे सोडले आहेत. जंतूंना बसायला जाळ्यांत केळीच्या खांबाचे वाळलेले तंतू भरले, ते कडूने त्याच्या गावाहून, बहादरपूरहून आणले. खायला गुळाचं पाणी.

"जावयाची बडदास्त हाय," कडू म्हणाला.

कडू चोवीस वर्षं माझ्या हाताखाली आहे. जिगरवर तो, रंगावर मी. शुक्रवारी डाइंग बंद असतं, मग त्या दिवशी गुळाचं पाणी कोण घालणार, असा प्रश्न निघाला. कडू लगेच म्हणाला, "मी येत जाईन." बहादरपूरहून सायकल हाणत, सुट्टीच्या दिवशी, कुणी न सांगता. हे नोंदवून ठेवतो.

बुधवार, १५ जानेवारी

पाणी निवळलं. सकाळी तीनही जिगरवर रानी चालला होता आणि दुसऱ्या टाकीतून बाहेर पडणारं पाणी पातळ चहासारखं होतं. शेठने पेलाभर उचलून उन्हात धरलं. हिमानीने सगळ्यांना संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू वाटले.

मी लाडू घेतला आणि बोअरवेलची मोटर तपासायला गेलो. दोन भाग रंगीत पाण्यात आठ भाग साधं पाणी घातलं तर मीही रंग घालवून दाखवीन, त्याला जळगावला जाऊन शिकावं लागत नाही. मोटरच्या बटणावर धूळ होती. म्हणजे बोअरचं पाणी नाही. मग दुसरं काहीतरी असेल.

घरी बायकोला, रजनीला सांगितलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिला सगळ्या जगातले विद्यार्थी शहाणे वाटतात. म्हणाली, "अहो, आमटीत मीठ जास्त झालं तरी तुम्ही चौकशी समिती नेमता. चांगलं झालं तर चांगलं म्हणा की."

गुरुवार, १६ जानेवारी

विशेष काही नाही. उद्या सुट्टी म्हणून दर गुरुवारसारखी संध्याकाळी रंगखोली धुतली. दार लावून, स्वतःच्या हाताने. तीन किलो ब्लीचिंग पावडर, दोन बादल्या पाणी. डबे, मापं, फरशी, मोरी. माझ्या मोरीत भात वाढून खावा इतकी ती पांढरी आहे. हे काम मी कुणावर सोडत नाही. दुसऱ्याच्या धुण्यात पहिल्या रंगाचा डाग राहतो आणि मग फिका रंग फसतो.

रविवार, १९ जानेवारी

टाकीतून रानी बाहेर पडतो आहे. जसा जातो तसाच येतो. नाला गुलाबी झाला आणि खालच्या मळ्यातल्या बायकांनी कपडे धुण्याचे दगड बदलले.

हिमानी टाकीजवळ उकिडवी बसून होती. केळीचे तंतू हातात घेऊन चोळत होती, हुंगत होती. म्हणाली, "सर, ये अपने आप नहीं मरते. काहीतरी आलंय पाण्यात. कुणीतरी मारलंय यांना."

कुणीतरी, असं ती म्हणाली. इतके दिवस माझा संशय तिच्यावरच होता, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. डोळ्यांतलं पाणीही काढता येतं, पण तिला तेवढं जमेल असं वाटत नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

तिने ड्रममधले राखीव जंतू घातले आणि कालपासून पाणी पुन्हा निवळलं. आज मी निवांत मनाने खोली धुतली.

सोमवार, २७ जानेवारी

पुन्हा तेच. शनिवारी दुपारपासून रंग सुटला, काल नाला फिकट गुलाबी. मात्र या वेळी पाणी आधीसारखं पुरतं बिघडलं नाही. हिमानी म्हणाली, नवल आहे, यांतले थोडे वाचलेत.

मी बसून हिशेब लावला. गुरुवारी संध्याकाळी पाणी चांगलं असतं. शनिवारी बिघडतं. मधे एकच दिवस आहे, शुक्रवार. शुक्रवारी डाइंगमध्ये दोनच माणसं असतात. एक दरवाजावर भाईदास, दुसरा कडू.

भाईदासला चहा पाजला.

"मास्टर, मले काय करनं," तो म्हणाला, "पन कडूजवळ दोन बादल्या असतात. एक गुळाची. दुसरीवर पोतं झाकेल असते. इकडं तिकडं पाहते अन ओतते."

चोवीस वर्षं. मला रात्रभर झोप लागणार नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

काल खोली धुऊन घरी गेल्यावर रजनीला सांगून ठेवलं होतं की उद्या मी घरी नसेन. आज सकाळी नऊपासून बॉयलरच्या मागे उभा राहिलो. साठीला आलेला माणूस, कोळशाच्या पोत्यावर बसून टेहळणी करतो आहे. कुणी पाहिलं असतं तर मलाच चोर म्हटलं असतं.

दहाला कडू आला. आधी टाकीवर वाकून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग गुळाचं पाणी घातलं. मग दुसऱ्या बादलीवरचं पोतं काढलं. आत काळंकुट्ट काहीतरी होतं. ते त्याने हाताने जाळ्यांवर लिंपलं.

मी पुढे झालो. "काय घातलंस?"

तो दचकला. मनात पाप असलं की माणूस असाच दचकतो.

"गाळ हाय, मास्टर. नाल्यातला."

"तुला हिमानीने सांगितलं?"

"नाही. तिले माहीत नाही."

"मग कुणी?"

तो माझ्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "टाकीले काय मारते ते पाहाचं असीन, त एकेका मोरीत रंग सोडून पाहा. आपलं कामच रंगाचं हाय."

मला शिकवतो. आणि बोलताना नजर माझ्या दारावर का? म्हणजे टाकी हे नुसतं निमित्त आहे, याचा डोळा माझ्या वहीवर आहे. डाइंग बंद पडलं की वही घेऊन सुरतेला जायला हा मोकळा. एवढ्या वर्षांत कसं लक्षात आलं नाही?

शनिवार, १ फेब्रुवारी

हिमानी नमुने घेऊन जळगावला गेली आहे. बरंच झालं, मधे कुणी बोलायला नको. शेठला सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "शालिग्राम, पक्कं?" मी म्हणालो, डोळ्यांनी पाहिलं. बादली, गाळ, लपवाछपवी, सगळं.

कडूला बोलावलं. शेठने विचारलं, न विचारता का घातलं? तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "टाकी वाचावी म्हनून." टाकीला काय झालंय ते तुला कसं कळलं, असं विचारल्यावर गप्प. मान खाली.

बारा वाजता तो गेला. जायच्या आधी त्याने गमबूट धुतले आणि जिगरशेजारी उपडे ठेवले. दारात थांबून मला म्हणाला, "गूळ कोरड्या जागी ठेवजा, मास्टर. मुंग्या लागतात."

 दुपारी दोन नंबरच्या जिगरवर पंकजला उभं केलं, त्याने पहिल्याच तासात कापडाला वळ्या पाडल्या.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हिमानी परत आली. कडूचं ऐकून तिने डोक्यावरची टोपी टेबलावर आपटली.

"सर, नाल्याच्या गाळाने जंतू मरत नाहीत. त्यातूनच तर मी काढलेत. ते तर त्यांना नवीन जंतू देत होते. म्हणून मागच्या वेळी थोडे वाचले."

"मग चोरून का?"

"ते तुम्ही विचारलं त्यांना?"

विचारलं होतं. तो बोलला नाही. मी म्हणालो, खरा माणूस विचारलं की सांगतो. ती म्हणाली, "सर, अजून एकदा विचारते. तुमच्या खोलीची मोरी—" मी म्हणालो, कामाला लाग.

आज हिचाही पुळका पाहिला. दोघं एक असतील का? दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कडू गेल्यापासून जिगरवर गप्पा नाहीत. जिगरमधलं रानीचं पाणी तापलं की तो लांबूनच "मास्टर, चढू राह्यला" म्हणायचा आणि मी न बघता वाफ कमी करायचो. आता उठून बघावं लागतं.

मन लागत नव्हतं म्हणून खोली दुप्पट धुतली. पाच किलो ब्लीच गेलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

टाकी मेली. पूर्ण. वासही राहिला नाही, नुसतं रंगीत पाणी. पंधरा दिवस उरले.

कडू इथे नव्हता. शुक्रवारी गुळाचं पाणी मी स्वतः घातलं. दुसऱ्या बादलीचा प्रश्नच नव्हता.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आता कोण? भाईदास असेल, त्यानेच कडूकडे बोट दाखवलं. पंकज असेल, त्याला कडूची जागा हवी होती. शेठला जागा विकायची असेल, डाइंग बंद पडलं तर त्यांचं काय बिघडतं? हिमानी तर आहेच.

जेवताना रजनीपुढे एकेक नाव घेतलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अहो, सगळे झाले. आता उरलं कोण?"

"तेच तर शोधतोय," मी म्हणालो. तिने भाकरी उलटली आणि माझ्याकडे बघितलं. शिक्षिकांची ही वाईट सवय, उत्तर माहीत असल्यासारखं बघायचं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हे सगळं सरळ लिहितो.

कडूचं ते बोलणं डोक्यातून जात नव्हतं. एकेका मोरीत रंग सोडून पाहा. त्याचं खोटं त्याच्याच तोंडाने पाडावं म्हणून आज गेलो. शुक्रवार, सगळं बंद, मोठी नळी कोरडी. भाईदासला नळीच्या तोंडाशी बसवलं आणि एकेका मोरीत मगभर रंग ओतत गेलो. पहिल्या जिगरला पिवळा. भाईदास ओरडला, "पिवळा आला." दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला निळा. धुलाईच्या हौदाला लाल. सगळं नकाशाप्रमाणे. कुठे चोरटी जोडणी नाही.

राहिली माझी मोरी. ती टाकीला जात नाही हे मला माहीतच होतं, पण यादी पुरी असावी म्हणून कुलूप काढलं. हाताशी रानीचा डबा होता. मगभर ओतला आणि दार ओढून घेत होतो, इतक्यात आवाज आला.

"मास्टर, रानी आला."

"हौदातला लाल असेल, नीट बघ."

"नाही मास्टर. रानीच हाय. लय गडद."

मी आत जाऊन जांभळा ओतला. जांभळा आला. काळा ओतला. काळा आला. मग मी स्वतः नळीशी जाऊन वाकलो. नळीच्या तोंडाला ब्लीचचा वास होता. कालचा. काल गुरुवार होता.

भाईदासने विचारलं, "काय झालं, मास्टर?" मी म्हणालो, काही नाही. खोलीत आलो, दार लावलं आणि ही वही पहिल्या पानापासून वाचली. पुराव्यासाठी लिहिली होती. पुरावा तारखेनिशी आहे. सोळा, तेवीस, तीस, सहा: आधी ब्लीच, मागून मेलेले जंतू. प्रत्येक वेळी माझ्या अक्षरात.

चोवीस वर्षं हाताखाली असलेल्या माणसाला मी चोर ठरवून घालवलं. मला फार लाज वाटते आहे. दुसरा शब्द नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सकाळी आधी शेठच्या खोलीत गेलो. हिमानीलाही बोलावलं. जे होतं ते सांगितलं. शेठ रागावले असते तर बरं झालं असतं. हिमानीने नकाशा काढला, माझ्या चौकोनातून मोठ्या नळीपर्यंत रेघ ओढली आणि प्रश्नचिन्ह खोडलं. म्हणाली, "सर, नऊ दिवस आहेत. माझ्याकडे एक ड्रम उरलाय. पण मला कडूकाकांचा गाळ लागेल. ते कुठून काढतात ते मला माहीत नाही."

बहादरपूरला गेलो. कडू अंगणात केळीचा खांब सोलत होता. त्याची बायको मालूबाई मला पाहून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मी म्हणालो, "माझी मोरी टाकीत जाते."

"हाव," कडू म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"दोन सालाआधी पावसात मागची मोरी खचली. मिस्त्रीनं तुमचा पाइप बाहेरून मोठ्या नळीले जोडला. तुमी तवा भुसावळले लग्नात व्हते. तुमी आले तसा मी सांगायले आलतो."

"मला नाही आठवत."

"मी म्हनलं, मास्टर, तुमच्या खोलीमागं काम झालं. तुमी म्हनले, मी नसताना माझ्या खोलीजवळ कोन गेलं व्हतं? तीन दिवस माझ्याशी बोलले नाही."

आता आठवलं. त्या वेळी मी कुलूपही बदललं होतं.

"पण या वेळी तरी सांगायचंस. वास तुला पहिल्याच शुक्रवारी आला असेल."

त्याने खांबाचं साल ओढून बाजूला टाकलं. "तुमी दार लावून धुता, मास्टर. आत काय ओतता ते मी कसं सांगू? तुमी म्हनले असते, कडू माझ्या खोलीत डोकावला."

म्हटलं असतं. नुसतं म्हटलं नसतं, या वहीत तारखेनिशी लिहिलं असतं.

"शेठपुढे तरी बोलायचं होतंस."

"शेठपुढं तुमचं नाव घेऊ?" एवढंच म्हणून तो पुन्हा सोलायला लागला.

मी माफी मागितली. नीट जमली नाही, मला सवय नाही. मालूबाईने चहा आणला, तो कपात नव्हे, पाहुण्याच्या स्टीलच्या पेल्यात नव्हे, घरची माणसं पितात तशा वाटीत. मी तो प्यालो. कडूने विचारलं, "गुळाले मुंग्या लागल्या का?" मी म्हणालो, लागल्या. तो उठला आणि सायकलला बादली अडकवली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रदूषणवाले आले. तीन जण. पाणी भरून घेतलं, उन्हात धरलं, हुंगलं. पाणी संक्रांतीच्या वेळेइतकं फिकं नव्हतं, जास्त पिवळट होतं. हिमानीच्या मोजणीने दहातले आठ भाग रंग गेला आहे. त्यांनी डाइंग चालू ठेवून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं लिहून दिलं. कुलूप लागलं नाही.

शेठने सगळ्यांसमोर हिमानीचं कौतुक केलं. ती म्हणाली, "कडूकाकांच्या गाळाने वाचलं." कडू जिगरमागे जाऊन उभा राहिला. मी टाळी वाजवली, माझ्या पाठोपाठ बाकीच्यांनी.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

संध्याकाळी खोली धुतली. ब्लीच नाही, गरम पाणी आणि ब्रश. एकट्याने होणारं काम नव्हतं म्हणून कडूला हाक मारली. तो दाराच्या चौकटीशीच थांबला. मी दोनदा म्हणालो तेव्हा आत आला, तेही गमबूट बाहेर काढून, देवघरात यावं तसा.

फरशी घासता घासता त्याने डबे हलवले आणि म्हणाला, "मास्टर, रानीत टाकाचा जांभळा संपत आला. चाळीसाले एक धरलं तरी दोन दिसाच्यावर पुरनार नाही. अन सोडा तुमी शेवटच्या पाच मिनिटाले टाकता, तो बी अर्धाच पुडा हाय."

माझा ब्रश थांबला. चाळीसाला एक. शेवटची पाच मिनिटं. हे त्या वहीशिवाय कुठेही लिहिलेलं नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगीन? पोती दाराशी मीच फोडून ठेवतो, रिकामे पुडे मीच उचलतो. काय किती गेलं, जिगरवर कवा पडलं, ते दिसते ना. पंधरा-सोळा सालापासून पाठ हाय."

"कुणाला बोललास?"

विचारलं आणि जीभ चावली. कडूने बादली उपडी केली, पाणी मोरीत जाऊ दिलं.

"मालूलेबी नाही," तो म्हणाला.

आम्ही उरलेली फरशी धुतली. निघताना किल्ली करगोट्याची सोडून दाराबाहेरच्या खिळ्याला टांगली. नाल्यापर्यंत गेलो आणि एकदा परत येऊन पाहिलं. किल्ली तिथेच होती.